मोठ्या मूळ संख्येशी ओळख करून घ्यायचीय? २१४७४८३६४७ पासून सुरुवात करा

मूळ संख्या म्हणजे जिला १ आणि ती स्वतः सोडून कशानेच पूर्ण भाग जात नाही ती, हे शाळेत सगळ्यांनी पाठ केलेलं असतं. २, ३, ५, ७, ११ करत शंभरपर्यंत धडाधड म्हणूनही दाखवतो आपण, पण कोणी दहा अंकी संख्या पुढे सरकवून "ही मूळ आहे का सांग" म्हटलं की सगळे गप्प. मीही गप्पच बसायचो. मोठ्या मूळ संख्यांच्या बातम्या येतात त्यात अंक किती एवढंच असतं, चार कोटी अंक वगैरे, आपण "बापरे" म्हणतो आणि पुढे जातो. त्या संख्येत बघायचं काय ते कोणी सांगत नाही.

म्हणून हा लेख, अगदी नवख्यांसाठी. एकच संख्या घेऊया, २१४७४८३६४७. वाचायची तर दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लाख त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस. कागद, पेन आणि मोबाईलमधला कॅल्क्युलेटर एवढं पुरेल, पायथॉन (प्रोग्रॅमिंगची एक भाषा) येत असेल तर मजा वाढेल पण नसेल तरी काही अडत नाही. आणि एक गोष्ट सुरुवातीलाच सांगतो, मोठी संख्या तिच्या अंकांकडे टक लावून बघून कळत नाही, ती बनलीय कशी ते बघायचं. या संख्येचं सगळं गुपित तिच्या बनावटीत आहे.

पायरी १: तिला छोटी करून लिहा

१ घ्या आणि दुप्पट करत चला. दहा वेळा केलं की १०२४, वीस वेळा केलं की १०४८५७६, तीस वेळा केलं की १०७३७४१८२४ आणि एकतिसाव्यांदा २१४७४८३६४८. यातून १ वजा करा, झाली आपली संख्या. म्हणजे २^३१ − १ (टोपीचं चिन्ह म्हणजे घात, टाइप करायला सोपं म्हणून तसंच लिहितोय). कॉम्प्युटरच्या दोन अंकी भाषेत, म्हणजे नुसत्या ० आणि १ मध्ये, ती लिहिली तर सलग एकतीस वेळा १ येतो, मध्ये एकही शून्य नाही.

अशा "दोनाचा घात वजा एक" छापाच्या संख्यांना मर्सेन संख्या म्हणतात. मरीन मर्सेन हा फ्रेंच धर्मगुरू, त्याने १६४४ मध्ये एक यादी छापली की २५७ पर्यंतच्या घातांकांपैकी कोणत्या घातांकांना मूळ संख्या मिळते. यादीत ३१ होता आणि तो बरोबर निघाला, पण ६७ आणि २५७ चुकले, आणि ६१, ८९, १०७ हे तर राहूनच गेले. एवढ्या चुका करूनही नाव त्याचंच लागलं, नशीब एकेकाचं.

किती अंक ते मोजायला पूर्ण संख्या लिहावी लागत नाही. घातांकाला ०.३०१०३ ने गुणा, दशांश चिन्हानंतरचा भाग सोडा आणि १ मिळवा. ३१ ला ९.३३ येतं, म्हणजे १० अंक. मोठ्या संख्यांच्या बातमीत अंक किती ते याच हिशोबाने काढलेलं असतं, कोणी मोजत बसत नाही. फक्त घातांक कोटींमध्ये गेला की ०.३०१०३ पुरत नाही, ०.३०१०२९९९५६६ असं लांबपर्यंत घ्यावं लागतं, नाहीतर कडेला एखाद्या अंकाची गफलत होते.

पायरी २: हत्यार तपासा

ही पायरी बरेच जण गाळतात आणि मग रडतात, मी पण रडलोय. एकदा स्प्रेडशीटमध्ये २^६१ − २^३० काढत होतो (ही संख्या पुढे येणार आहे) तर शेवटी चार शून्यं आली. मी तासभर वहीत "हिला १०००० ने भाग जातो, पण का जातो" याची सिद्धता शोधत होतो! जातच नव्हता. बहुतेक स्प्रेडशीट पंधरा अंकांपर्यंतच खरं सांगतात, त्यानंतरच्या अंकांच्या जागी सरळ शून्यं भरतात, आणि तसं केलं म्हणून बोंबही मारत नाहीत. खरं उत्तर २३०५८४३००८१३९९५२१२८ आहे.

तेव्हा दहा-बारा अंकांपर्यंत मोबाईल चालेल, त्यापुढे पायथॉन घ्या, त्यात पूर्णांक कितीही मोठा असला तरी शेवटच्या अंकापर्यंत अचूक राहतो. मात्र पायथॉनमध्ये भागाकाराची एकच तिरपी रेघ वापरू नका, तिने दशांश येतो आणि परत तोच घोळ. दोन तिरप्या रेघा किंवा टक्क्याचं चिन्ह, ज्याने बाकी मिळते, ते वापरा.

पायरी ३: शाळेतल्या कसोट्या लावून मोकळे व्हा

शेवटचा अंक ७, म्हणजे २ आणि ५ गेले. अंकांची बेरीज ४६, तिला ३ ने भाग जात नाही. ११ साठी उजवीकडून एक अधिक एक उणे करत या, ७ − ४ + ६ − ३ + ८ − ४ + ७ − ४ + १ − २ = १२, तिलाही ११ ने भाग जात नाही. ७ साठी बनावट वापरा: २, ४, ८ यांना ७ ने भागून बाकी २, ४, १ आणि पुन्हा तेच चक्र, एकतिसावी बाकी २ येते, त्यातून १ गेला की १ उरतो. ७ बाद.

या कसोट्या पास झाल्या म्हणून संख्या मूळ ठरत नाही, फक्त पटकन नापास झाली नाही एवढंच. खरा नियम असा की वर्गमुळापर्यंतच्या सगळ्या मूळ संख्यांनी भागून बघायचं. आपल्या संख्येचं वर्गमूळ ४६३४० आणि थोडं वर, आणि तिथपर्यंत ४७९२ मूळ संख्या आहेत. दिवसाला शंभर भागाकार केले तरी दीड महिन्याच्या वर जाईल, आणि त्यात एक चुकला तर सगळंच पाण्यात.

पायरी ४: घातांकच मूळ आहे ना ते बघा

घातांक जर मूळ नसेल तर पुढे जायचंच नाही. उदाहरणार्थ २^६ − १ दोन अंकी भाषेत म्हणजे सलग सहा एक, ते मोजताना माझी नेहमी चूक होते, म्हणून तीन-तीनचे गट करून लिहा: १११ १११. गट पाडले की लगेच दिसतं की हे १११ ला १००१ ने गुणलेलं आहे, म्हणजे ६३ = ७ × ९. घातांकाचे सारखे गट पडले की संख्येचेही अवयव पडले, विषय संपला. ३१ चे गट पडत नाहीत.

पण उलटं खरं नाही आणि इथे खूप जण फसतात. ११ मूळ आहे पण २^११ − १ = २०४७ = २३ × ८९. २३ मूळ, पण २^२३ − १ ला ४७ ने भाग जातो. २९ मूळ, पण २^२९ − १ ला २३३ ने भाग जातो. म्हणजे मूळ घातांक हे फक्त आत यायचं तिकीट, सीट मिळेलच असं नाही.

पायरी ५: ऑयलरची युक्ती (इथे थांबून नीट वाचा)

ऑयलर हा अठराव्या शतकातला स्विस गणिती, आणि माझ्या मते सगळ्यात सुंदर भाग हाच. २०४७ चा अवयव २३ घ्या. दोनाचे घात काढत जा आणि प्रत्येक वेळी २३ ने भागून बाकी ठेवा: २, ४, ८, १६, मग ३२ ची बाकी ९, मग १८, १३, ३, ६, १२, आणि मग १. मोजा, अकराव्या पावलाला १ वर आलो. येणारच होतो, कारण २३ ने २^११ − १ ला भाग जातो याचा अर्थच तो. आता फर्मा या फ्रेंच गणितज्ञाचा छोटा सिद्धांत सांगतो की मूळ संख्या २३ असेल तर २२ पावलांनंतर १ वर यावंच लागतं. चक्र ११ चं आहे आणि २२ व्या पावलालाही १ वर असायला हवं, म्हणजे २२ ला ११ ने भाग जायलाच पाहिजे. जातो!

हेच उलटं फिरवा. समजा एखाद्या मूळ संख्येने २^३१ − १ ला भाग जातो. मग तिथलं चक्र ३१ पावलांचं (३१ स्वतः मूळ असल्यामुळे त्याहून लहान चक्र बसतच नाही), म्हणजे त्या मूळ संख्येतून १ वजा केल्यावर ३१ ने भाग जायला हवा, आणि ती विषम असल्याने २ नेही जायला हवा. म्हणजे ती ६२ च्या पटीत १ मिळवलेली अशीच असणार. ३ नाही, ७ नाही, १०१ नाही, सरळ ६३, १२५, १८७, २४९, ३११ अशी रांग. शिवाय दुसरी एक अट लागते, तिला ८ ने भागून बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. (थोडक्यात कारण: २^३२ ची बाकी २ येते, म्हणजे तिथे २ हा २^१६ चा वर्ग झाला, आणि २ असा वर्ग होणं फक्त अशाच मूळ संख्यांच्या बाबतीत घडतं.) दोन्ही अटी एकत्र केल्या की फक्त २४८ च्या पटीत १ किंवा ६३ मिळवलेल्या संख्या उरतात. ४६३४० पर्यंत अशा पावणेचारशेच्या आसपास आहेत आणि त्यातल्या ज्या स्वतः मूळ नाहीत त्या काढल्या की आणखी खूप कमी.

आधी छोट्यावर हात साफ करा. २^१३ − १ = ८१९१. वर्गमूळ ९० च्या जरा वर. उमेदवार २६ च्या पटीत १: २७, ५३, ७९. आठने भागून बाकी बघा, ३, ५, ७. फक्त ७९ टिकला. ८१९१ ला ७९ ने भागा, १०३ वेळा जाऊन ५४ उरतात. संपलं. एका भागाकारात चार अंकी संख्या मूळ सिद्ध झाली! पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी वही बंद करून दोन मिनिटं नुसता बसून होतो.

आता आपल्या संख्येचा पहिला खरा उमेदवार ३११ (६३ आणि २४९ ला ३ ने भाग जातो). दहा अंकी भागाकार करायची गरज नाही, बाक्या वापरा. २^८ = २५६, म्हणजे ३११ ला ५५ कमी, −५५ धरा. त्याचा वर्ग ३०२५, बाकी २२६, म्हणजे −८५, हा २^१६ झाला. दोघांचा गुणाकार ४६७५, बाकी १०, हा २^२४. त्याला २^७ म्हणजे १२८ ने गुणा, १२८०, बाकी ३६, हा २^३१. एक वजा करा, ३५. शून्य नाही, ३११ बाद. त्यापुढचे मूळ उमेदवार १३०३ (बाकी २२६) आणि १४८९, आणि असंच पुढे ४६३४० पर्यंत. लिओनहार्ड ऑयलरने १७७२ मध्ये ही संख्या मूळ आहे हे अशाच वाटेने दाखवलं, आणि एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत तीच सगळ्यात मोठी माहीत असलेली मूळ संख्या राहिली. त्याआधीची मोठी २^१९ − १ = ५२४२८७, ती काताल्दी नावाच्या इटालियन गणितीने १५८८ च्या सुमारास तपासलेली.

१८११ मध्ये पीटर बार्लो या इंग्रज गणितज्ञाने लिहून टाकलं की या संख्येपासून बनणारी परिपूर्ण संख्या (म्हणजे काय ते पायरी ८ मध्ये येईल) ही कायमची सगळ्यात मोठी राहणार, कारण असल्या गोष्टी नुसत्या कुतूहलाच्या, उपयोग काहीच नाही, पुढे जायची तसदी घेणार कोण. घेतली की लोकांनी.

पायरी ६: घाईची चाचणी, आणि तिच्यातला खड्डा

भागाकार न करता अंदाज घ्यायची चाचणी म्हणजे फर्माची. संख्या मूळ असेल तर कुठलाही पाया घेऊन (त्या संख्येच्या पटीतला सोडून) त्याचा "संख्या वजा एक" इतका घात केला की बाकी १ यायलाच हवी. नाही आली तर संख्या शंभर टक्के मूळ नाही. आली तर... बहुतेक मूळ. बहुतेक! ३४१ = ११ × ३१ आहे तरी २ पाया घेतला की ती पास होते.

मर्सेन संख्यांवर २ पाया तर चुकूनही घेऊ नका. २०४७ बघा, २^११ = २०४८, बाकी १, आणि २०४६ मध्ये ११ बरोबर १८६ वेळा बसतो, म्हणजे पास. मूळ घातांकाची प्रत्येक मर्सेन संख्या २ ने पास होते, मूळ असो नसो, कारण ती बनलीच दोनापासून. हे माहीत नसताना मी पायथॉनमध्ये रांगेने वीसेक मूळ घातांक तपासले आणि सगळे मूळ निघाले म्हणून भलताच खूश झालो होतो. पाया ३ घ्या. पायथॉनमध्ये पॉव नावाचं फंक्शन आहे, त्याला तीन गोष्टी द्यायच्या, पाया, घात आणि कशाने भागायचं ते, उत्तर डोळे मिटायच्या आत येतं.

पायरी ७: लुका-लेमर, पक्कं उत्तर

"बहुतेक" वर समाधान नसेल तर मर्सेन संख्यांसाठी खास चाचणी आहे, एदुआर लुकाने १८७० च्या दशकात काढलेली आणि डेरिक लेमरने १९३० च्या सुमारास साफसूफ केलेली. कृती इतकी सोपी की विश्वास बसत नाही: ४ घ्या, वर्ग करा, २ वजा करा, आपल्या संख्येने भागून बाकी ठेवा, त्या बाकीचं पुन्हा तेच. घातांकापेक्षा दोन कमी इतक्या वेळा करायचं. शेवटी ० आलं तर मूळ, नाही आलं तर नाही, मधलं काही नाही.

१२७ वर करू, घातांक ७, पाच वेळा. ४ पासून १४. मग १९४, बाकी ६७. मग ४४८७, बाकी ४२. मग १७६२, बाकी १११. मग १२३१९, आणि हे बरोबर १२७ × ९७, बाकी ०. मूळ! आता २०४७ वर नऊ वेळा केलं तर १४, १९४, ७८८, ७०१, ११९, १८७७, २४०, २८२ आणि शेवटी १७३६. शून्य नाही, म्हणजे मूळ नाही. गंमत म्हणजे २३ आणि ८९ चा पत्ताही लागला नाही, नुसतं "नाही" एवढं कळलं. मोठ्या संख्यांच्या दुनियेत हे नेहमीचं, मूळ नाही हे माहीत असतं पण अवयव कोणालाच माहीत नसतात.

आपल्या २१४७४८३६४७ साठी २९ वेळा करावं लागेल, कागदावर एक दुपार, पायथॉनमध्ये तीन ओळी.

आणि बाकी काढायचा शॉर्टकट सांगतो. ९ ने भागून बाकी हवी तर आपण अंकांची बेरीज करतो ना, ती चालते कारण ९ हा १० पेक्षा एक कमी. तसंच ३१ हा ३२ पेक्षा एक कमी. १००० ची बाकी हवी? १००० मध्ये ३२ एकतीस वेळा आणि वर ८, ३१ + ८ = ३९, परत ३२ एकदा आणि वर ७, १ + ७ = ८. बाकी ८, भागाकार न करता. कॉम्प्युटरला तर हे अजून सोपं, दोन अंकी भाषेत संख्या मधून कापायची आणि तुकड्यांची बेरीज करायची. मर्सेन संख्यांचेच विक्रम का होतात याचं अर्धं उत्तर हेच. उरलेलं अर्धं असं की या संख्येत १ मिळवला की नुसता दोनाचा घात उरतो, आणि लुका-लेमरची सगळी इमारत त्यावर उभी आहे.

पायरी ८: आता तिचा स्वभाव बघा

मूळ आहे हे ठरलं, पुढे काय? शेजारी बघा. आधीची मूळ संख्या २१४७४८३६२९, नंतरची २१४७४८३६५९, म्हणजे एकीकडे १८ चं अंतर, दुसरीकडे १२ चं. या भागात सरासरी अंतर साधारण २१ असतं, तेव्हा ही तशी दाट वस्ती म्हणायची. जुळी बहीण नाही, २१४७४८३६४५ ला ५ ने भाग जातो आणि २१४७४८३६४९ ला ३ ने. लहानापासून मोजत आलं तर ही १०५०९७५६५ वी मूळ संख्या.

वर्गांची बेरीज करून लिहायची असेल तर चार वर्ग लागतातच, तीनमध्ये जमत नाही. कारण तपासायला सोपं आहे: कोणत्याही वर्गाला ८ ने भागा, बाकी ०, १ किंवा ४ च उरते. आता यातले तीन घेऊन ७ करून दाखवा. होत नाही. आणि ३ सोडून सगळ्या मर्सेन मूळ संख्यांची ८ ने भागून बाकी ७ च. ७ = ४ + १ + १ + १, ३१ = २५ + ४ + १ + १, १२७ = १२१ + ४ + १ + १.

परिपूर्ण संख्या म्हणजे स्वतःला सोडून बाकीच्या विभाजकांची बेरीज केली की स्वतःच परत येणारी, जशी २८ = १ + २ + ४ + ७ + १४. युक्लिडच्या काळापासून माहीत आहे की प्रत्येक मर्सेन मूळ संख्येतून अशी एक मिळते, आपल्या संख्येला २^३० ने गुणलं की मघाशी स्प्रेडशीटने बिघडवलेली ती १९ अंकी संख्या येते.

सगळ्यात कामाचा गुण मात्र वेगळाच. ७ ने भागायच्या बाक्यांमध्ये ३ ने गुणत गेलं तर ३, २, ६, ४, ५, १ असे सगळे भेटतात, २ ने गुणत गेलं तर २, ४, १ एवढेच. जो सगळ्यांना भेटवतो त्याला आद्य मूळ म्हणतात. आपल्या संख्येत २ ने गुणत गेलं तर ३१ पावलांत परत, पण ७ ने गुणत गेलं तर १ पासून २१४७४८३६४६ पर्यंत एकूण एक संख्या भेटते, एकदाच, आणि मगच १. याची खात्री करायला २१४७४८३६४६ चे अवयव लागतात, ते २ × ३^२ × ७ × ११ × ३१ × १५१ × ३३१. म्हणूनच ७^५ = १६८०७ ने गुणून बाकी ठेवत जायचं यंत्र यादृच्छिक वाटणारे आकडे काढायला वर्षानुवर्षं वापरलं गेलं. १ पासून सुरू करा, १६८०७, २८२४७५२४९, १६२२६५००७३ असे येतील, आणि दहा हजाराव्या वेळी १०४३६१८०६५ यायला हवा, नाही आला तर कोडमध्ये चूक आहे. खेळण्यासाठी ठीक, पासवर्ड बनवायला अजिबात वापरू नका, एक आकडा कळला की पुढचे सगळे कळतात.

प्रोग्रॅमिंग करणाऱ्यांनी ही संख्या आधीच पाहिली असेल, ३२ बिटांच्या (एक बिट म्हणजे ० किंवा १ ची एक जागा) चिन्हासकट पूर्णांकात मावणारी सगळ्यात मोठी हीच. १९७० च्या सुरुवातीपासूनचे सेकंद अशा डब्यात मोजणारी जुनी सिस्टिम १९ जानेवारी २०३८ ला, जागतिक प्रमाणवेळेने ३ वाजून १४ मिनिटं ७ सेकंदांनी, भरून वाहणार आहे. पण इथे ती मूळ असण्याचा काही संबंध नाही, निव्वळ योगायोग, १५ बिटांची ३२७६७ सात ने विभागली जाते तरी तिथेही हीच अडचण येते.

पायरी ९: मोठ्या तळ्यात उडी

लुकाने १८७६ मध्ये २^१२७ − १ मूळ आहे हे हाताने दाखवलं, ३९ अंकी. त्यानेच २^६७ − १ मूळ नसल्याचंही दाखवलं, पण अवयव मिळाले ते १९०३ मध्ये फ्रँक नेल्सन कोलला: १९३७०७७२१ × ७६१८३८२५७२८७. त्याने सभेत एक शब्दही न बोलता फळ्यावर गुणाकार करून दाखवला अशी गोष्ट सांगतात. पहिल्या अवयवातून १ वजा करून १३४ ने भागून बघा, ऑयलरची अट बरोबर लागू पडते.

आजचं काम गिंप्स या प्रकल्पातून चालतं, १९९६ मध्ये जॉर्ज वोल्टमनने सुरू केलेला. जगभरचे लोक आपापल्या कॉम्प्युटरवर प्राइम९५ नावाचा प्रोग्रॅम चालवतात. ऑक्टोबर २०२४ मध्ये ल्यूक ड्युरंटने या प्रकल्पातून २^१३६२७९८४१ − १ शोधली, ४१०२४३२० अंकी, माहीत असलेली ५२ वी मर्सेन मूळ संख्या. आधी पाया ३ ची घाईची चाचणी आणि मग लुका-लेमर, म्हणजे आपल्या पायरी ६ आणि ७, याच क्रमाने. दहा कोटी अंकी मूळ संख्येला दीड लाख डॉलरचं बक्षीसही जाहीर आहे, त्यासाठी घातांक ३३ कोटींच्या पुढचा लागेल, तेव्हा त्या आशेने लॅपटॉप तापवू नका. प्रोग्रॅम लावणार असाल तर आधी त्यातली टॉर्चर टेस्ट चालवा. मेमरी किंवा थंडावा कमजोर असेल तर तिथेच कळतं, नाहीतर कित्येक दिवस चाललेल्या हिशोबात एक बिट इकडचं तिकडे झालं की उत्तर कचऱ्यात.

ते मशीन चालू असेपर्यंत हातात वही घेऊन २^१७ − १ = १३१०७१ करून टाका. वर्गमूळ ३६२. ३४ च्या पटीत १ आणि आठची अट लावली की १०३, १३७, २३९ आणि २७३ उरतात, २७३ ला ३ ने भाग जातो म्हणून तीनच भागाकार. पहिल्यात बाकी ५५ येईल. दुसऱ्या आणि तिसऱ्यात दोन्हीकडे ९९ च येते, चुकलं वाटून परत करत बसू नका, १३०९७२ ही ४ × १३७ × २३९ आहे म्हणून तसं होतं.